अण्णांचे तीन प्रश्न आणि माझी वही

२०१५च्या ऑगस्टमधली गोष्ट. नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात मी पगारपत्रकं आणि पीएफचं काम बघायचे. जेवणाच्या सुट्टीत फोर्जिंग शॉपमधले एक जण माझ्या टेबलाशी आले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. हातात घडी केलेला पेपर. म्हणाले, "ताई, आमचं पीएफ शेअरबाजारात टाकायला लागले म्हणे. कुठल्या शेअरात? किती? आणि कोणाच्या नावावर?"

मी तोवर बावीस वर्षं पीएफचं काम केलं होतं. सुरुवातीची ३-ए आणि ६-एची हाताने भरलेली पत्रकं, मग २०१२पासूनचं ईसीआर हे ऑनलाइन पत्रक, मग प्रत्येकाचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक. कोणाचे किती कापले, मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला किती गेले, ३.६७ टक्के पीएफला किती आले, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पंधरा तारखेच्या आत चलन भरलं की माझं काम संपायचं. ते पैसे पुढे कुठे जातात, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

अण्णांना त्या दिवशी म्हटलं, "विचारून सांगते." तेव्हापासून एक वही ठेवली. कारखान्यातून मी निवृत्त झाले, पण वही अजून चालू आहे.

पहिले दोन प्रश्न तुलनेने सोपे निघाले. भविष्य निर्वाह निधी संघटनेने थेट एकेका कंपनीचे शेअर घेतलेच नाहीत, ईटीएफची युनिट घेतली. ईटीएफ म्हणजे एक टोपलीच. निफ्टीच्या ईटीएफमध्ये निफ्टीतल्या पन्नास कंपन्या, निर्देशांकात त्यांचं जेवढं वजन तेवढ्याच प्रमाणात. त्या टोपलीचे छोटे छोटे हिस्से म्हणजे युनिट. ती शेअरसारखीच बाजारात विकत मिळतात, पण मोठा गुंतवणूकदार बाजारात न जाता थेट फंड कंपनीकडूनही युनिट घेऊ शकतो. आपल्याकडे आता अशा थेट व्यवहाराला २५ कोटींच्या वरची रक्कम लागते. बंडारू दत्तात्रेय कामगारमंत्री असताना, ऑगस्ट २०१५मध्ये, एसबीआय म्युच्युअल फंडाच्या ईटीएफपासून सुरुवात झाली. त्या वेळी तीन हिस्से निफ्टीत आणि एक सेन्सेक्समध्ये अशी वाटणी होती. पुढे यूटीआयचे ईटीएफ आले, सरकारी कंपन्यांचे सीपीएसई आणि भारत-२२ हेही आले.

किती, याचं उत्तर टक्क्यांत होतं. दर वर्षी नव्याने गुंतवायच्या रकमेतले पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १० आणि २०१७-१८पासून १५. म्हणजे हजारातले दीडशे. ते सगळे निफ्टीत गेले असं धरलं आणि एचडीएफसी बँकेचं वजन तेरा टक्क्यांच्या आसपास धरलं, तर त्या हजारातले जवळपास वीस रुपये एकट्या त्या बँकेच्या शेअरात. हा हिशेब कँटीनच्या फळ्यावर खडूने मांडून दाखवला तेव्हा हात धुवायला निघालेली माणसं परत येऊन बसली होती. आपल्या घामाचे वीस रुपये एखाद्या बँकेच्या मालकीत आहेत, ही गोष्ट त्यांना प्रथमच कळत होती.

तिसरा प्रश्न मात्र बरीच वर्षं पुरला. कोणाच्या नावावर?

याचं कायद्यातलं उत्तर एका ओळीचं आहे. पीएफच्या कायद्यानुसार निधी केंद्रीय विश्वस्त मंडळाकडे निहित असतो आणि तेच त्याचा कारभार बघतं. म्हणून युनिट अण्णांच्या नावावर नाहीत, माझ्याही नाहीत. ती मंडळाची. पण अण्णांना कायद्याचं कलम ऐकायचं नव्हतं. त्या टोपलीचे मालक कोण कोण आहेत, त्यात आपला मोठा हिस्सा आहे की लहान, आपण वाढवतोय की काढतोय, हे त्यांना हवं होतं. ते मला सांगता येईना, कारण अशी यादी मला कुठे सापडतच नव्हती.

यात खरी मदत झाली माझ्या भाचीची. ती न्यू जर्सीत एका गुंतवणूक कंपनीच्या बॅक ऑफिसात काम करते. २०२४च्या मे महिन्यात तिचा फोन आला. "मावशी, तुझी ती वही आहे ना, त्याला इकडे सरकारी फॉर्म आहे बघ." आणि तिने मला १३-एफ समजावून सांगितला.

अमेरिकेत ज्या व्यवस्थापकाच्या हाती १० कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचे तिथले नोंदणीकृत शेअर आहेत, त्याला दर तिमाही संपल्यावर ४५ दिवसांच्या आत हा फॉर्म भरावा लागतो. १९७५ साली तिथल्या संसदेने कायद्यात ही तरतूद घातली. ईटीएफची युनिटही त्यात धरतात. प्रत्येक ओळीत नाव, नग, बाजारभावाने किंमत आणि मतदानाचा अधिकार कोणाकडे हे लिहिलेलं असतं. सगळे फॉर्म नियामकाच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. सगळ्या संस्थांचे फॉर्म एकत्र करून एका ईटीएफच्या नावाने चाळले की त्याचे संस्थात्मक धारक समोर येतात.

भाचीने उदाहरण दिलं ते विस्कॉन्सिनचं. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेत बिटकॉइनचे ईटीएफ सुरू झाले. मे महिन्यात फॉर्म आले, तेव्हा विस्कॉन्सिन राज्याच्या गुंतवणूक मंडळाकडे ब्लॅकरॉक या फंड कंपनीच्या बिटकॉइन ईटीएफची सुमारे ९.९ कोटी डॉलरची युनिट दिसली. हे मंडळ राज्याच्या सरकारी नोकरांची निवृत्तीची पुंजी सांभाळतं. वर्षअखेरीस तो आकडा ३२ कोटी डॉलरच्या पुढे गेला. मे २०२५च्या फॉर्ममध्ये ती ओळच नव्हती. सगळी युनिट विकली होती.

बिटकॉइन घेणं बरं की वाईट, हा माझा विषय नाही, आणि मी ते घेणारही नाही. मला त्या फॉर्ममधली वेगळीच गोष्ट भिडली. विस्कॉन्सिनमधल्या एखाद्या शाळेतल्या शिक्षिकेला बाकी काही कळो न कळो, आपल्या पेन्शनचे पैसे कोणत्या ईटीएफमध्ये किती होते आणि कधी काढले, हे घरी बसून बघता येतं. माझ्या अण्णांना येत नाही.

पण मी ती यादी जितकी वाचत गेले तितकं हेही उमजलं की ती सरळ वाचायची नसते. भाचीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वरची नावं बघून लगेच निष्कर्ष काढू नकोस." ईटीएफच्या धारकांत जेन स्ट्रीट, सस्क्वेहाना, सिटाडेल अशी नावं वर दिसतात. त्यांचा धंदा बाजारात दोन्ही बाजूंनी भाव देण्याचा. युनिट हातात ठेवायची आणि दुसरीकडे उलट सौदा करून जोखीम मारायची. फॉर्ममध्ये हातातली युनिट दिसतात, उसनी घेऊन विकलेली दिसत नाहीत. म्हणजे जो ना तेजीचा ना मंदीचा, तोच यादीत मोठा मालक दिसतो. मोठ्या दलाली पेढ्यांच्या नावापुढचे आकडे तर पुष्कळदा त्यांच्या हजारो ग्राहकांचे असतात.

आणखी एक गोष्ट मला आधी पटेचना. काही ईटीएफमध्ये संस्थांच्या हिश्श्याची बेरीज १०० टक्क्यांच्या वर जाते. भाचीने ते असं उलगडलं. एका संस्थेने आपली युनिट उसनी दिली. घेणाऱ्याने ती बाजारात विकली. विकत घेणारी संस्था म्हणते माझी, आणि उसनी देणारीही आपल्या फॉर्ममध्ये ती दाखवते. तेच युनिट दोनदा मोजलं जातं. पगारपत्रकात एका माणसाची हजेरी दोन खात्यांत लागली तर जे होतं तेच. शिवाय ४५ दिवसांचा उशीर असतो तो वेगळाच. ३१ मार्चची स्थिती १५ मेला कळते. तोवर धारकाने युनिट विकलेलीही असू शकतात.

एवढ्या मर्यादा असूनही मला तो फॉर्म हवासा वाटतो. अपुरी यादी असली तर तिच्यातल्या चुका शोधता येतात. यादीच नसेल तर शोधायचं काय?

आता आपल्याकडचं. कंपन्यांच्या बाबतीत आपण मागे नाही. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत भागधारणेचा तपशील शेअर बाजाराकडे जातो, आणि एक टक्क्याहून जास्त हिस्सा असलेल्या सार्वजनिक भागधारकांची नावं त्यात असतात. रीट आणि इन्व्हिट, म्हणजे इमारती आणि रस्ते-वीजवाहिन्यांत पैसे गुंतवणारे ट्रस्ट, त्यांच्या युनिटधारकांचाही तपशील दर तिमाहीला निघतो. ईटीएफची युनिट त्याच बाजारात, त्याच डिमॅट खात्यांत असतात. त्यांच्या धारकांची अशी यादी मात्र निघत नाही.

साध्या म्युच्युअल फंड योजनेत किमान वीस गुंतवणूकदार हवेत आणि एकाचा हिस्सा २५ टक्क्यांच्या वर नको, असा सेबी या बाजार नियामकाचा नियम आहे. ईटीएफला तो लागू नाही. एकच मोठा धारक अर्ध्याहून जास्त टोपली घेऊन बसला तरी नियम मोडत नाही. पण फंडाच्या सहामाही आकडेवारीत आणि वार्षिक अहवालाच्या हिशेबाच्या टिपांत एक छोटी ओळ असते: योजनेच्या निव्वळ मालमत्तेच्या २५ टक्क्यांहून जास्त युनिट असलेले गुंतवणूकदार किती आणि त्यांचा एकूण हिस्सा किती. फक्त संख्या आणि टक्के. नाव नाही. तरी मी ती ओळ दर सहा महिन्यांनी वहीत उतरवते, कारण इतक्या मोठ्या योजनेत चौथाईहून जास्त युनिट घेऊ शकणारे या देशात आहेत तरी किती? एसबीआयचा निफ्टी ५० ईटीएफ हा देशातल्या सर्वांत मोठ्या म्युच्युअल फंड योजनांपैकी आहे. त्याची मालमत्ता २०२४मध्येच दोन लाख कोटींच्या घरात गेली होती. तो कोणाच्या पैशाने एवढा झाला, हे त्या ओळीतलं नाव झाकलेलं असलं तरी लपत नाही.

दुसरी वाट संसदेची. लोकसभेत खासदार विचारतात त्या अतारांकित प्रश्नांना कामगार मंत्रालय लेखी उत्तर देतं, आणि ती उत्तरं लोकसभेच्या संकेतस्थळावर असतात. माझ्या वहीतले भरवशाचे आकडे तिथलेच. २०१५-१६मध्ये ईटीएफमध्ये साधारण साडेसहा हजार कोटी गेले. २०२३-२४मध्ये ५७ हजार कोटींच्या वर. ३१ मार्च २०२२पर्यंतची एकूण गुंतवणूक १ लाख ५९ हजार कोटी होती आणि त्या दिवशी बाजारभावाने तिची किंमत २ लाख २७ हजार कोटी भरत होती. खासदाराने विचारलं तर कळतं, नाही विचारलं तर थांबायचं. कोणत्या पक्षाच्या खासदाराने विचारलं हे मी कधी बघत नाही. विचारलं याबद्दल मनातल्या मनात आभार मानते.

तिसरी रीत माझी स्वतःची, आणि मला तीच सगळ्यांत आवडते. फंड दर महिन्याला योजनेची एकूण मालमत्ता जाहीर करतो आणि एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, तर रोजच येते. मालमत्तेला एनएव्हीने भागलं की युनिटची संख्या निघते. मालमत्ता दोन कारणांनी वाढते. बाजार वर गेला म्हणून, किंवा नवे पैसे आले म्हणून. युनिटची संख्या फक्त नव्या पैशाने वाढते. समजा महिन्यात मालमत्ता तीन टक्के वाढली आणि एनएव्ही एक टक्का. म्हणजे युनिट जवळजवळ दोन टक्के वाढली, तेवढे नवे पैसे आले. बाजार पडलेल्या महिन्यातही युनिट वाढलेली दिसली की मी तिथे पेन्सिलीने एक खूण करते. चढ-उताराकडे न बघता महिन्याच्या महिन्याला पैसे ओतणारा धारक साध्या गुंतवणूकदारासारखा वागत नाही. पगार झाला, चलन भरलं, पैसे गेले, असाच त्याचा ताल असतो. तो ताल मी तीस वर्षं हाताने लिहिला आहे, त्यामुळे मला तो ओळखू येतो. पक्का पुरावा म्हणून मी तो कोणापुढे ठेवणार नाही, कारण त्या टोपलीत विमा कंपन्या, खासगी पीएफ ट्रस्ट आणि माझ्यासारख्या किरकोळ गुंतवणूकदारांचेही पैसे येतात. पण संसदेतला वर्षाचा आकडा आणि माझ्या बारा महिन्यांची बेरीज शेजारी ठेवली की चित्र बरंच स्पष्ट होतं.

२०२०चं पान वहीत वेगळं आहे. जानेवारीत निफ्टी १२,४०० पार होता. २४ मार्चला तो ७,५११पर्यंत खाली गेला. टाळेबंदीत कारखाना बंद, पगार अर्धे, आणि फोनवर फोन: "ताई, पीएफ बुडालं का?" बुडालं नव्हतं, हे मला माहीत होतं, कारण सदस्याच्या खात्यात युनिट नसतात. तिथे रक्कम असते आणि तिच्यावर जाहीर झालेलं व्याज. पण त्या वर्षीच्या व्याजात पहिल्यांदाच ईटीएफ डोळ्यांना दिसला. २०१९-२०चं साडेआठ टक्के व्याज सप्टेंबरमध्ये दोन तुकड्यांत जाहीर झालं, ८.१५ टक्के रोख्यांच्या उत्पन्नातून आणि ०.३५ टक्के ईटीएफची युनिट विकून. बाजार सावरल्यावर वर्षाच्या शेवटच्या दिवशी तेव्हाचे कामगारमंत्री संतोष गंगवार यांनी पूर्ण साडेआठ टक्के एकदमच खात्यात जमा करण्याचं सांगितलं. त्या ०.३५ टक्क्यांसाठी कामगारांनी जवळपास चार महिने वाट पाहिली. लाखभर रुपये शिल्लक असलेल्याला ते साडेतीनशे रुपये. पण टोपलीचे धारक आपणच आहोत, हे तेव्हा खूप जणांना पहिल्यांदा कळलं.

२०१७च्या नोव्हेंबरमध्ये विश्वस्त मंडळाने एक हिशेबपद्धत मंजूर केली होती. सदस्याच्या खात्यात ईटीएफची युनिट वेगळी दाखवायची. मला त्याचा फार आनंद झाला होता. आमच्या ऑफिसात ती बातमी मी कापून नोटीस बोर्डावर लावली होती. प्रत्यक्षात ते आलं नाही. पासबुकात आजही कर्मचाऱ्याचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन एवढंच. युनिटचे भाव रोज वर-खाली झाले की माणसं घाबरतील, ही अडचण मला समजते. तरीही मला वाटतं की दाखवायला हवं होतं. चाळीस अंशाच्या उन्हात भट्टीपाशी उभा राहणारा माणूस आकडा खाली गेलेला बघून मोडत नाही. त्याला न सांगता काही केलं तर तो मोडतो. आणि खात्यात नाही तर नाही, निदान दर तिमाहीला कोणत्या ईटीएफची किती युनिट मंडळाकडे आहेत, किती घेतली, किती विकली, एवढं एक पान तरी संघटनेच्या संकेतस्थळावर यायला हवं. फंड कंपन्यांनीही एक टक्क्याहून मोठ्या संस्थात्मक धारकांची नावं द्यावीत. कंपन्या देतात, रीट देतात. पंधरा वर्षांच्या मुलालाही यातलं काही गुपित वाटणार नाही.

या दिवाळीत अण्णा घरी आले होते. आता सत्तरी पार, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मुलगा अंबडला एका कारखान्यात आहे, त्याचंही पीएफ कापलं जातं. मी वही उघडून पहिल्यापासून वाचून दाखवली. त्यांनी मध्ये कुठेही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "म्हणजे टोपली आपल्या पैशाची, शेअर टोपलीचे. मग कंपनीच्या सभेत हात कोण वर करतं?"

हा चौथा प्रश्न मी स्वतःला विचारलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी शोधलं. ईटीएफमधल्या शेअरांचं मत फंड कंपनी देते. १ एप्रिल २०२२पासून म्युच्युअल फंडांना प्रत्येक ठरावावर मत द्यावंच लागतं, ईटीएफसारख्या योजनांनाही, आणि कोणत्या ठरावाला होकार, कोणत्याला नकार आणि का, हे तिमाहीला संकेतस्थळावर टाकावं लागतं. फाइल सापडली. ती इतकी लांब आहे की माझ्या फोनवर नीट उघडेना, म्हणून कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन एका कंपनीची पानं छापून आणली. संचालकांच्या फेरनियुक्त्या, त्यांचे मोबदले, लेखापरीक्षकांची नेमणूक. एकेका ओळीपुढे होकार किंवा नकार.

रविवारी अण्णांकडे जाऊन ती पानं मोठ्याने वाचली. एका संचालकाच्या मानधनाच्या ठरावापाशी त्यांनी मला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मग मुलाला हाक मारून म्हणाले, "इकडे ये, बस. हे तुझ्या पैशाचं चाललंय."